जिना न चढलेल्या बायका

घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. चाळिशी कधीच उलटली, कानाजवळचे केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी धाकटी ती धाकटीच राहिली. घरात थोरली होती ना! थोरली हयात आणि खणखणीत असेपर्यंत धाकटीला मोठं होण्याची सोयच नसते.

ऑफिसात तिचं नाव वेगळं होतं. नगरपालिकेच्या संशोधन विभागात ती आकडे तपासायचं काम करायची, आणि तिथले लोक तिच्या पाठीमागे तिला ‘तेचतेच बाई’ म्हणायचे. कुणीही एखादा तक्ता घेऊन तिच्या टेबलापाशी आला, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: “ही तीच माणसं आहेत का?” यंदा गरिबी घटली म्हणावं तर बाई विचारणार, गेल्या वर्षी ज्यांना विचारलं होतं त्यांनाच विचारलं का? समोरचा डोकं खाजवत परत जायचा. हे नाव तिच्या कानावर आलं होतं. तिने ते मनावर घेतलं नव्हतं. उलट, आपल्या कामाचं याहून नेमकं वर्णन दुसरं कुणी केलं नसतं, असं तिला वाटायचं.

कारण तिच्या विभागाचं कामच तसं होतं. शहरातली काही घरं निवडून ठेवलेली होती आणि दर वर्षी विभागाची माणसं त्याच घरांचं दार वाजवायची. तीच माणसं, तेच प्रश्न. गेल्या वर्षात किती महिने काम मिळालं, कुठे मिळालं, काही नवीन शिकलात का, घरात कोण आजारी आहे. घर बदललं तर नवा पत्ता शोधून तिथे जायचं. अशा माहितीला अभ्यासक पॅनेल डेटा म्हणतात. कुणी विचारलं तर धाकटी म्हणायची, “दवाखान्यात एका दिवशी बसलेल्या सगळ्यांचा ताप मोजणं वेगळं, आणि एकाच आजाऱ्याचा ताप रोज मोजणं वेगळं. औषध लागू पडलं का, ते दुसऱ्या प्रकारानेच कळतं.” विचारणारा मान डोलवायचा आणि विषय बदलायचा.

थोरलीची तऱ्हा निराळी. ताई तिच्याहून सात वर्षांनी मोठी. कपड्यांच्या कारखान्यात ताई मुकादम होती. तिथे नवीन आलेल्या बायका मोटरच्या मशीनला घाबरतात, पहिल्याच आठवड्यात बोटात सुई घुसवून घेतात आणि रडत घरी जातात, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं. शेवटी नोकरी सोडून तिने स्वतःच वर्ग काढला. टायरच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे जायला बाहेरून अरुंद लोखंडी जिना. खोलीत भिंतीकडेने मशीनची रांग, मधे कापडं बेतायचं मोठं टेबल, खिडकीत ताईची खुर्ची. सहा महिन्यांचं शिक्षण, फुकट. खोलीचं भाडं आणि मशीनची देखभाल नगरपालिकेच्या अनुदानातून व्हायची. वर्ग इतका नावाजला, की त्याच्यावरून शहरात तसेच आणखी आठ-दहा वर्ग निघाले. शिकून गेलेली बाई रस्त्यात भेटली की ताई लांबूनच हाक मारायची, आणि मग धाकटीला सांगायची, “बघ, ही माझी. आता बाह्यांच्या खात्यात आहे.”

दर रविवारी धाकटी ताईकडे जेवायला असायची. ती एकटी राहत होती. ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, लिफ्ट दुरुस्त करायचे. माणूस मिश्कील. “दिवसभर लोकांना वर-खाली करतो,” असं स्वतःबद्दल म्हणायचे, “पण घरात माझी लिफ्ट कायम तळमजल्यावर.”

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी विभागाच्या साहेबांनी धाकटीला बोलावलं. नगरपालिकेला प्रत्येक वॉर्डात असे शिवणवर्ग काढायचे होते, आणि त्याआधी वर्गांचा खरोखर उपयोग होतो का, ते आकड्यांनी दाखवायचं होतं.

“साहेब,” धाकटी म्हणाली, “यातला सगळ्यात जुना वर्ग माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे. हे काम तुम्ही दुसऱ्या कुणाला द्यावं.”

साहेब विचारात पडले. ही पद्धत विभागात तिच्याइतकी कुणाला येत नव्हती. शेवटी ठरलं असं, की काम तिने करायचं, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तेच सगळं तिचं उत्तर न बघता पहिल्यापासून वेगळं करायचं. दोघांचं जुळलं तरच अहवाल पुढे जाईल.

पहिली तुलना अगदी सोपी होती. वर्गात शिकलेल्या बायका आणि न शिकलेल्या बायका, यांना वर्षातून किती महिने काम मिळतं? शिकलेल्यांना नऊ, न शिकलेल्यांना पाच. साहेबांनी आकडा पाहिला आणि सगळ्यांना चहा मागवला. धाकटीने चहा घेतला, पण तिच्या मनात किडा वळवळत होता. या दोन प्रकारच्या बायका मुळात सारख्या होत्या का?

मग तिने आपलं नेहमीचं काम सुरू केलं. एका बाईची दुसरीशी तुलना करायची नाही, प्रत्येक बाईची तिच्याशीच करायची. वर्गात जाण्याआधी तिला किती महिने काम मिळत होतं आणि नंतर किती? अशी तुलना केली, की बाईबरोबर जन्मभर चिकटलेल्या गोष्टी आपोआप वजा होतात. तिची जिद्द, तिचा हात, तिचं माहेर, तिचा स्वभाव. हे आधीही तेच असतं आणि नंतरही तेच.

आणि तिथेच सगळं उलटलं. वर्गात आलेल्या बायका वर्गात येण्याआधीपासूनच इतरांपेक्षा जास्त महिने काम करत होत्या. वर्गानंतर त्यांचं काम वाढलं होतं, हे खरं. पण त्याच वर्षांत वर्गाची पायरीही न चढलेल्या बायकांचंही काम जवळपास तेवढंच वाढलं होतं, कारण शहराबाहेरच्या रस्त्यावर दोन मोठे कारखाने सुरू झाले होते. कारखान्यांची वाढ वजा केली, तर वर्गाच्या पदरात पडण्यासारखं फारसं काही उरत नव्हतं.

धाकटीने सगळं परत केलं. आयुष्यात पहिल्यांदा ती आपली चूक सापडावी म्हणून तपासत होती. ती सापडली नाही. सहकाऱ्याने आपला कागद आणून समोर ठेवला, तर त्याचंही उत्तर तेच.

अहवालाच्या शेवटी तिने एक परिच्छेद घातला. ही पद्धत माणसातलं जे बदलत नाही ते वजा करू शकते. जे बदलतं आणि ज्याबद्दल आपण विचारलंच नाही, ते तिला दिसत नाही. सहकारी म्हणाला, “हे कशाला? उगाच आपल्याच पायावर धोंडा.” तिने तो परिच्छेद ठेवला.

साहेबांनी अहवाल वाचून चष्मा काढला. “म्हणजे उपयोग शून्य?”

“शून्याच्या आसपास. थोडं इकडे, थोडं तिकडे.”

“बहिणीला सांगितलंत?”

“तुम्ही वाचायच्या आधी कसं सांगणार?”

“आता मी वाचलं. तुम्ही जाऊन सांगा. पेपरात वाचून कळायला नको.”

रविवारी ती गेली. ताई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती, भाऊजी टेबलाशी पेपर वाचत होते. धाकटीनेही पुढ्यात शेंगा ओढून घेतल्या.

“ताई, वर्गांचा अहवाल झाला.”

“झाला? मग किती नवे वर्ग काढतायत?”

“काढतील असं वाटत नाही.”

ताईचे हात चालूच होते. “का? पैसे संपले वाटतं यांचे.”

“तसं नाही. तुझ्या बायकांना काम मिळतं, हे खरंच आहे. पण त्या वर्गात आल्या नसत्या तरी त्यांना ते मिळालं असतं, असं आकडे सांगतात.”

“कोणाचे आकडे?”

“माझे.”

आता हात थांबले. ताईने तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे अकरा वर्षं मी तिथे माश्या मारल्या.”

“असं कोण म्हणतंय? हे बघ, एखादी शाळा परीक्षा घेऊन हुशार मुलंच निवडते, आणि मग निकाल शंभर टक्के लागला म्हणून फाटकावर बोर्ड लावते. त्यातलं शाळेचं किती आणि मुलांचं किती, सांग बरं.”

“मी कुणाची परीक्षा घेत नाही. माझं दार सताड उघडं असतं.”

“उघडं असतं, पण दहा ते दोन. त्या वेळेला जिना चढून कोण येऊ शकतं? जिची मुलं शाळेत जातात, जिच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही, जिच्या अंगात धमक आहे. तिला कारखान्याने घेतलंच असतं गं.”

“त्या माझ्याकडे येतात तेव्हा मशीनला हात लावायला थरथरतात,” ताईचा आवाज चढला, “आणि जातात तेव्हा मान वर करून जातात. ते तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं?”

धाकटीने खरं ते सांगितलं. “कुठल्याच नाही. ते आम्ही विचारलंच नव्हतं.”

“मग न विचारताच निकाल लावलास. आणि तोही माझ्यावर.”

भाऊजींनी पेपर इतका वर धरला होता, की त्यांची फक्त बोटं दिसत होती. जेवण झालं, पण कुणाला घास गोड लागला नाही. धाकटी निघाली तेव्हा ताई दारापर्यंत आली नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

पुढच्या रविवारी धाकटी गेली नाही, आणि ताईनेही बोलावलं नाही. नगरपालिकेच्या बैठकीत ठरलं, की नवे वर्ग काढायचे नाहीत, जुन्यांचं अनुदान दोन वर्षं चालू ठेवायचं आणि मग पुन्हा बघायचं. पुढच्या वेळी गोष्ट जास्त नीट कळावी म्हणून साहेबांनी जुन्या वर्गांच्या आसपासची आणखी बरीच घरं पाहणीत घालून घेतली. ते काम आणि त्याचा हिशोब सगळा सहकाऱ्याकडे गेला. धाकटीने स्वतःच तसं मागितलं होतं.

ताई धुसफुसत वर्गात जात होती, येत होती. एके दिवशी दोन वाजता वर्ग सुटल्यावर ती कुलूप लावून जिना उतरत होती. खाली टायरवाल्याची सून बादलीभर धुणं वाळत घालत होती. ही सून त्याच इमारतीत, दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. ताई तिला लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखत होती. रोज हसून मान हलवायची, कधी पाणी मागून घ्यायची. त्या दिवशी ताई मधल्याच पायरीवर थबकली.

“काय गं,” तिने वरूनच विचारलं, “इतकी वर्षं तू इथे राहतेस. वर का नाही आलीस कधी?”

सून चपापली. ओली चादर तशीच हातात धरून म्हणाली, “सकाळी सासूबाईंची अंघोळ असते ना. मग औषधं, मग भरवणं. त्या झोपतात त्या तीनला.”

“मग मला सांगायचं नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठे? आणि तुमचे जिन्यावरून येणारे मशीनचे आवाज ऐकते मी रोज. कुणाचा हात बसलाय आणि कुणाचा नाही, ते खालून कळतं मला आता.” असं म्हणून ती हसली.

ताईला हसू आलं नाही. ती घरी गेली आणि भाऊजींशीही फारशी बोलली नाही. धाकटीवरचा राग गेला होता असं नाही, पण त्या रागात आता एक खडा टोचत होता. दुसऱ्या दिवशीपासून ती संध्याकाळची आसपासच्या गल्ल्यांतून फिरू लागली. दारं वाजवायची आणि एवढंच विचारायची: तू का येत नाहीस? कुणाचं तान्हं मूल होतं. कुणाच्या नवऱ्याची रात्रपाळी असायची, सकाळी घरात आवाज चालत नव्हता. एकीला वाटत होतं, तिथे लिहिता-वाचता येणाऱ्यांनाच घेतात. असं कधीच नव्हतं, पण ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

याच सुमाराला भाऊजी धाकटीच्या ऑफिसात उगवले. इमारतीतली लिफ्ट बंद पडली होती, ते निमित्त. हात पुसत तिच्या टेबलापाशी येऊन बसले.

“काय भाऊजी, झाली का चालू?”

“लिफ्ट झाली. तुमचं दोघींचं काय? अगं, रविवारी ताईची बोलणी मला एकट्याला खावी लागतात. त्यातली निम्मी तुझ्या वाटणीची आहेत. येऊन आपली आपली खाऊन जा.”

धाकटी हसली आणि तिचे डोळे भरून आले. “ती मला बोलावते का?”

“ती कशाला बोलावेल? थोरली आहे ती. पण परवा मला विचारत होती, ते शाळेचं काय म्हणाली होती धाकटी, नीट आठवतं का तुम्हाला. मी म्हटलं, मी पेपर वाचत होतो.”

रविवारी धाकटी गेली. ताईने दार उघडलं, “चप्पल तिथे नको, आत ठेव,” म्हणाली आणि आत वळली. एवढ्यावर दोघींचं भांडण मिटलं. माफी वगैरे मागायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. जेवताना मात्र ताईने विषय काढला.

“तू म्हणालीस, ज्या येतात त्यांना तसंही काम मिळालं असतं.”

“हो.”

“मग ज्या येत नाहीत, त्या आल्या तर?”

धाकटीने घास खाली ठेवला. “ते मला माहीत नाही, ताई. ज्यांना येता येत नव्हतं अशा बायका वर्गात इतक्या थोड्या होत्या, की त्यांच्यावरून काही बोलताच येत नाही.”

“म्हणजे शून्य असं तू म्हणत नाहीस.”

“त्यांच्या बाबतीत मी काहीच म्हणत नाही.”

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“अहवालात लिहिलंय.”

“अहवाल कोण वाचतं? मला तोंडाने सांगायचं.” ताईने तिच्या पानात आणखी भाजी वाढली. हे म्हणणं धाकटीला पटलं. लागलंही.

ताईने वर्गाची वेळ बदलून तीन ते सहा केली. मशीनची एक रांग हलवून कोपऱ्यात सतरंजी घातली आणि पोरांकडे बघायला एका म्हातारबाईंना बसवलं. टायरवाल्याची सून पहिल्याच दिवशी वर आली. पण हे सगळं काही गोड नव्हतं. नव्या बायका मधेच आठवडाभर गायब व्हायच्या. पोरं रडायची, दोरे ओढायची, एकाने कात्री खिडकीतून खाली टाकली, ती टायरवाल्याच्या पायाजवळ पडली. पूर्वी सहा महिन्यांत जवळपास सगळ्या बायका तयार व्हायच्या, आता निम्म्याच होत. कारखान्याचे लोक विचारू लागले, बाई, तुमच्याकडून पूर्वीसारख्या मुली का येत नाहीत? दोन वेळा ताईने सगळं पूर्ववत करायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा मग केलं नाही. दुसरे वर्ग चालवणाऱ्या बायकांना तिने आपलं ऐकवून पाहिलं. दोघींनी ऐकून तसंच केलं, बाकीच्यांनी चहा पाजून वाटेला लावलं.

दोन वर्षं गेली. सहकाऱ्याने ताईच्या आणि ऐकणाऱ्या दोघींच्या वर्गांचा हिशोब वेगळा केला. अर्धवट सोडून गेलेल्या बायकांनाही त्याने नावनोंदणी झालेल्यांत धरलं होतं, कारण फक्त टिकलेल्या मोजल्या तर पुन्हा तीच शाळेची गत. या बायका आधी वर्षाला जेमतेम दीड-दोन महिने काम करत होत्या. वर्गानंतर त्यांचं काम तसल्याच परिस्थितीतल्या, वर्गात न आलेल्या बायकांच्या मानाने सुमारे दोन महिन्यांनी जास्त वाढलं होतं. बाकीच्या वर्गांचा आकडा मात्र जिथे होता तिथेच होता. साहेबांनी यावेळी चहा मागवायची घाई केली नाही. आधी धाकटीकडे पाहिलं. ती म्हणाली, “मागवा साहेब. पण थोडाच.”

संध्याकाळी ती थेट ताईच्या वर्गात गेली. वर्ग सुटत होता, सतरंजीवर एक पोर झोपलेलं होतं. अहवाल कुणी वाचत नाही हे लक्षात ठेवून तिने तोंडानेच सांगितलं. ताई कापडाच्या घड्या घालता घालता ऐकत होती.

“दोन महिने. नक्की?”

“दोनच्या आसपास. एकही असू शकतो, तीनही असू शकतात. बायका थोड्या आहेत, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.”

“नक्की सांगता येत नाही, तर पगार कशाचा घेतेस?” ताई म्हणाली. पण म्हणताना तिने तोंड खिडकीकडे फिरवलं होतं, आणि घडी घातलेलं कापड उलगडून ती परत त्याचीच घडी घालत होती.

अनुदान चालू राहिलं. नवे वर्ग निघालेच तर दुपारचे काढावेत, असा शेरा पडला. त्याच्या पुढचं नगरपालिकेत जसं चालतं तसं चाललं.

टायरवाल्याची सून मात्र त्या आकड्यात जेमतेमच बसली. चौथ्या महिन्यात तिची सासू वारली, आणि आता दिवसभराचं काम शोधता येईल म्हणून तिने वर्ग अर्ध्यावरच सोडला. पुढे एका मोठ्या हॉस्पिटलात चादरी, अभ्रे शिवायच्या खोलीत तिला नोकरी लागली. पहिल्या सुट्टीच्या दिवशी ती ताईला भेटायला वर आली तेव्हा धाकटीही तिथेच होती. गप्पा झाल्या, सून गेली, तिच्या पावलांनी जिना खालपर्यंत वाजत राहिला.

“बघितलंस?” ताई म्हणाली. “हिला माझ्यामुळे लागली नोकरी.”

धाकटीच्या मनात आलं, सासू गेल्यावर ही बाई मोकळी झालीच असती. कदाचित तशीही तिथे पोहोचली असती. शेकडो बायका घेतल्या तर काहीतरी सांगता येतं. एकटीचं, ती वर आलीच नसती तर काय झालं असतं, ते कुणालाच दिसत नाही, कुठल्याच पद्धतीने दिसत नाही. हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं.

“असेल,” ती म्हणाली.

“असेल नाही. आहे.”

“बरं, आहे,” धाकटी म्हणाली, आणि टेबलावरचं कापडाचं दुसरं टोक धरून घडी घालायला ताईसमोर उभी राहिली.